मिठाने घडवलेली झिलई : लॅम्बेथच्या डोल्टनांची भट्टी

1815 साली जॉन डोल्टन या कुंभाराने साठवलेले 100 पौंड लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या एका छोट्या कारखान्यात घातले आणि तो भागीदार झाला. मुलगा हेन्री 1835 मध्ये, पंधराव्या वर्षी, चाकावर बसला. घराण्याचं नशीब मात्र फिरलं ते सांडपाण्यामुळे. लंडनची गटारं विटांची होती. सांध्यांतून पाणी झिरपे, रुंद तळाशी गाळ साचे, आणि त्यात पटकीच्या साथी. एडविन चॅडविकसारखे सुधारक म्हणू लागले, की अरुंद, गोल, आतून गुळगुळीत नळ घाला, म्हणजे पाण्याचा वेगच घाण वाहून नेईल. हेन्रीने 1846 मध्ये अशा नळांसाठी वेगळा कारखाना काढला.

या नळाची खरी गंमत त्याच्या झिलईत आहे. ती लेप देऊन चढवत नाहीत. वाळलेले कच्चे नळ भट्टीत रचून तापमान 1200 अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात आणि मग जळणाच्या तोंडांतून साधं मीठ आत टाकतात. मिठाची वाफ होते, ज्वाळेतल्या पाण्याच्या वाफेशी तिची क्रिया होते. सोडियम मातीतल्या सिलिका-अ‍ॅल्युमिनाशी जुळून काच बनते. म्हणजे नळाचा पृष्ठभाग स्वतःच काच होतो. म्हणूनच ही झिलई सहसा पापुद्र्यासारखी सुटत नाही आणि आम्लालाही दाद देत नाही.

मीठ एकदम टाकून भागत नाही, थोडं थोडं, अनेकदा टाकावं लागतं. मध्येच लोखंडी सळईने नमुन्यासाठी ठेवलेली मातीची एक कडी बाहेर ओढायची. तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे आणि चकाकी दिसली की पुरे. ताप कमी पडला तर झिलई मंद, खरखरीत राहते. जास्त झाला तर नळ बसतो, तोंड लंबगोल होतं आणि एकाचं टोक दुसऱ्याच्या खोबणीत जात नाही. सुरुवातीलाच आच वाढवली तर मातीतल्या ओलाव्याची वाफ होऊन नळ फुटतो.

आपल्याकडच्या जुन्या इमारतींतले तपकिरी, चकचकीत ड्रेनेज पाइप याच जातीचे. घेताना टकटक करून पाहतात: खणखणीत वाजला तर चांगला, बद्द आवाज आला तर तडा. 100 मिमीच्या पाइपला साधारण 40 ला 1 (म्हणजे 40 मीटर लांबीत 1 मीटर खाली) आणि 150 मिमीला 60 ला 1 उतार देतात. उतार कमी पडला की घाण तळाशी बसते.

नळांच्या पैशावर हेन्रीने कलेची भांडी सुरू केली, आणि तिथेही हेच मीठ कामाला आलं. त्याच्याकडची कलाकार हॅना बार्लो 1871 पासून ओल्या मातीवर टोकदार हत्याराने घोडे, हरणं कोरत असे. मिठाची झिलई अगदी पातळ, त्यामुळे तिची एकही रेघ बुजत नसे. जाड लेपाखाली ती केसासारखी रेघ टिकली नसती.

मीठ टाकलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा पांढरा धूर निघतो. भर शहरात तो धूर सोडण्यावर नियमांचे निर्बंध आले आणि 1956 मध्ये लॅम्बेथचा कारखाना बंद झाला.