लोकसंख्या आकडेवारीतील देश-प्रदेशांचे वर्गीकरण

जगाच्या लोकसंख्येचे आकडे मांडताना देशांची यादी ठरवण्याची आणि त्यांचे गट पाडण्याची रीत. ही रीत एकच नाही. संयुक्त राष्ट्रे, जागतिक बँक आणि जागतिक आरोग्य संघटना आपापल्या कामाच्या सोयीने गट करतात. त्यामुळे कोणी ‘दक्षिण आशियाची लोकसंख्या’ म्हटले, की कोणाचा दक्षिण आशिया हे आधी विचारावे लागते.

सर्वाधिक चालते ती संयुक्त राष्ट्रांची ‘एम ४९’ ही संकेतयादी. तीत प्रत्येक ‘देशाला किंवा क्षेत्राला’ तीन अंकी क्रमांक असतो, भारताचा ३५६. यातला ‘क्षेत्र’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३, पण त्यांच्या २०२४च्या लोकसंख्या अंदाजांत नोंदी २३७ आहेत. ग्रीनलँड, पोर्तो रिको असे सार्वभौम नसलेले भूभागही तिथे स्वतंत्रपणे मोजले जातात. व्हॅटिकनचीही वेगळी नोंद असते. तिथली वस्ती हजाराच्या आतली, सिंहगड रस्त्यावरच्या एखाद्या मोठ्या सोसायटीत सहज मावेल एवढी. पुणे जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार ९४,२९,४०८ माणसे होती, म्हणजे तेव्हाच्या स्वित्झर्लंडपेक्षा जास्त. या यादीत मात्र जिल्ह्याला जागा नाही. इथे डोकी मोजून नव्हे, राजकीय दर्जा पाहून स्थान मिळते.

एम ४९च्या दक्षिण आशियात नऊ देश आहेत आणि त्यांत इराणही येतो. जागतिक बँक इराणला पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेच्या गटात धरते. आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागात भारताच्या पंगतीला उत्तर कोरिया बसतो आणि शेजारचा पाकिस्तान पूर्व भूमध्य विभागात जातो. शाश्वत विकास उद्दिष्टांसाठी केलेला ‘मध्य व दक्षिण आशिया’ हा गट तर फारच विषम आहे. मध्य आशियातले पाच देश मिळून आठ कोटींच्या आसपास, आणि दक्षिण आशिया दोनशे कोटींच्या वर. अशा गटाची सरासरी म्हणजे बहुतांशी भारताचीच सरासरी; कझाकस्तानबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाही.

‘विकसित’ आणि ‘विकसनशील’ ही जोडी अनेक दशके चालली. अधिक विकसित म्हणजे युरोप, उत्तर अमेरिका (मेक्सिको वगळून), ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जपान; सिंगापूर श्रीमंत झाले तरी कमी विकसितांतच राहिले. २०२१च्या अखेरीस एम ४९मधून ही विभागणी काढून टाकण्यात आली. १९७१पासूनची ‘अल्पतम विकसित देश’ ही यादी टिकून आहे, कारण तिच्यावर व्यापारातील सवलती आणि मदत अवलंबून असते. जागतिक बँक दरडोई राष्ट्रीय उत्पन्नावरून चार गट करते आणि दर वर्षी १ जुलैला ते नव्याने लावते. भारत त्यांत निम्न-मध्यम उत्पन्न गटात आहे.

देश फुटतात, सीमा बदलतात. तेव्हा आकडे मागे नेऊन आजच्या सीमांवर बसवतात. म्हणूनच १९७१ साली जन्मलेल्या बांगलादेशची आणि २०११ साली वेगळ्या झालेल्या दक्षिण सुदानची लोकसंख्या १९५०पासून सापडते.

शहरांच्या बाबतीत घोळ आणखी वाढतो. २०११ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत सुमारे ३१ लाख २४ हजार लोक होते. पिंपरी-चिंचवड, पुणे, खडकी व देहूरोड ही तीन कॅन्टोन्मेंट आणि लगतची वस्ती धरून होणाऱ्या ‘पुणे नागरी समूहा’त सुमारे ५० लाख ५८ हजार. दोन्ही आकडे बरोबर, दोन्हींचे नाव पुणे. देशोदेशीच्या अशा व्याख्यांवर तोडगा म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२०मध्ये चौरसांची पद्धत मान्य केली: एक चौरस किलोमीटरच्या सलग चौरसांत दर चौरसी किमान १,५०० माणसे आणि एकूण किमान ५०,००० असतील तर ते शहर. या मोजणीत हिंजवडीत ग्रामपंचायत आहे की महापालिका, याने फरक पडत नाही.

जनगणनेत मात्र पडतो. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. पुढे त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा बाहेर गेली. २०२७च्या जनगणनेनंतर शहराची खरी वाढ काढायची, तर हद्दीत राहिलेल्या गावांची २०११ची लोकसंख्या आधी जुन्या आकड्यात मिळवून घ्यावी लागेल.