एका चालीने ओळखले जाणारे कॉलेज फुटबॉलपटू

अमेरिकेतील विद्यापीठांच्या संघांकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेल्या ज्या खेळाडूंचे नाव एकाच क्षणाशी कायमचे जोडले गेले, त्यांचा हा वर्ग. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळणे, फेकणे आणि अधूनमधून लाथाडणे असा हा खेळ आहे. आपल्याकडच्या फुटबॉलशी त्याचे साम्य नावापुरतेच. तो सलग चालत नाही. चेंडू मागच्या गड्याकडे सरकवला की चाल सुरू होते आणि चेंडूवाल्याला पाडले की संपते. त्यामुळे क्रिकेटमधल्या एखाद्या चेंडूसारखी कोणतीही चाल सुटी काढून वर्षानुवर्षे सांगता येते. चेतन शर्माने 1987 च्या विश्वचषकात नागपूरला हॅट्‌ट्रिक घेतली, तरी त्याचे नाव निघाले की आधी आठवतो तो 1986 मधला शारजाचा शेवटचा चेंडू. या नोंदीतल्या खेळाडूंचे तसेच झाले आहे.

कॉलेज फुटबॉलमध्ये हे अधिक घडते, कारण खेळाडूच्या वाट्याला तीन-चार हंगामच येतात आणि त्यांतले फार थोडे पुढे व्यावसायिक होतात. शेजारच्या विद्यापीठांमधली वैरे मात्र शंभर वर्षांहून जुनी असतात. खेळाडू पदवी घेऊन निघून जातो. त्याची चाल माजी विद्यार्थ्यांच्या तोंडी राहते.

सर्वांत जुने आणि सर्वांत हळवे उदाहरण रॉय रीगल्सचे. 1 जानेवारी 1929 रोजी पॅसाडेना येथे रोझ बोलच्या सामन्यात (हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यांना ‘बोल’ म्हणतात) कॅलिफोर्निया विद्यापीठाची गाठ जॉर्जिया टेकशी होती. दुसऱ्या सत्रात जॉर्जिया टेकच्या स्टंपी थॉमसनच्या हातून चेंडू निसटला. रीगल्सने तो उचलला. प्रतिस्पर्ध्याची गोलरेषा जेमतेम तीस यार्डांवर होती. पण झटापटीत तो गर्रकन वळला आणि स्वतःच्याच गोलरेषेकडे धावत सुटला. साठाहून अधिक यार्ड तो पळाला. त्याचाच सहकारी बेनी लोम ओरडत पाठीमागे धावला आणि त्याने त्याला रेषेपाशी गाठले. तेवढ्यात जॉर्जिया टेकच्या खेळाडूंनी रीगल्सला एक यार्डाच्या खुणेवर पाडले. तिथून सुटण्यासाठी लोमने मारलेली लाथ अडवली गेली आणि जॉर्जिया टेकला दोन गुण मिळाले. सामना त्यांनी 8-7 असा जिंकला. फरक एका गुणाचा, आणि ते दोन गुण कुठून आले हे सगळ्या मैदानाने पाहिले होते.

मध्यंतरात रीगल्स कोपऱ्यात बसून रडत होता. प्रशिक्षक निब्स प्राइस यांनी पहिल्या अर्धात उतरलेलाच संघ पुन्हा उतरेल असे जाहीर केले, तेव्हा तो जायला तयार नव्हता. सामना अजून अर्धाच झालाय, असे सांगून प्राइस यांनी त्याला उठवले. उत्तरार्धात तो जिद्दीने खेळला, एक लाथही अडवली. पुढच्या हंगामात तो संघाचा कर्णधार होता. तरीही ‘राँग वे रीगल्स’ हे नाव त्याला जन्मभर चिकटले. 1991 मध्ये रोझ बोलच्या सन्मान-दालनात त्याची निवड झाली. दोन वर्षांनी तो वारला. त्या दिवसाचे खरे मोठेपण प्राइस यांच्या निर्णयात आणि रीगल्सच्या पुन्हा उभे राहण्यात आहे. लोकांच्या तोंडी मात्र ती उलटी धावच राहिली.

टॉमी लुईसची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. 1 जानेवारी 1954 च्या कॉटन बोलमध्ये राइस विद्यापीठाचा डिकी मेगल 95 यार्डांच्या धावेवर निघाला होता. समोर कोणी उरले नव्हते. तो अलाबामाच्या बाकांजवळून जात असताना राखीव जागेवर बसलेला लुईस शिरस्त्राणही न घालता मैदानात घुसला आणि त्याने मेगलला आडवे केले. पंच क्लिफ शॉ यांनी राइसला टचडाऊन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेल्याचे गुण, बहाल केले; राइसने सामना 28-6 असा जिंकला. आपण अलाबामाच्या प्रेमाने फारच भरून गेलो होतो, अशी लुईसने नंतर कबुली दिली. त्या सामन्यात अलाबामाचे एकमेव टचडाऊन लुईसनेच केले होते, हे मात्र विस्मरणात गेले.

20 नोव्हेंबर 1982 ची बर्कलीमधली चाल ‘द प्ले’ एवढ्याच नावाने ओळखली जाते. शेवटचे चार सेकंद उरले असताना स्टॅनफर्ड 20-19 असे पुढे होते. स्टॅनफर्डच्या जॉन एल्वेने तोवर संघाला जिंकण्याच्या स्थितीत आणले होते. स्टॅनफर्डने चेंडू लाथाडला. कॅलिफोर्नियाच्या केविन मोनने तो उचलून रिचर्ड रॉजर्सकडे दिला आणि मग तो हातोहात फिरत राहिला: ड्वाइट गार्नर, पुन्हा रॉजर्स, मॅरिएट फोर्ड, शेवटी पुन्हा मोन. सामना संपला असे समजून स्टॅनफर्डचे वाद्यपथक मैदानात शिरले होते. मोन त्यांच्यातून वाट काढत गोलरेषेपार गेला आणि ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या गॅरी टायरेलवर आदळला. 25-20. म्हणजे या चालीने फुटबॉल न खेळणारा एक माणूसही फुटबॉलच्या इतिहासात गेला. गार्नरचा गुडघा आधीच टेकून चाल संपली होती का, फोर्डचा शेवटचा पास नियमबाह्य, म्हणजे पुढच्या दिशेने होता का, हे वाद अजून चालू आहेत. विजेत्याकडे राहणारी ‘ॲक्स’ ही ढाल स्टॅनफर्डकडे आली की तिच्यावरचा 1982 चा निकाल बदलून 20-19 केला जातो. एल्वे पुढे डेन्व्हरकडून दोन सुपर बोल (व्यावसायिक लीगचे अंतिम सामने) जिंकला, पण कॉलेजात त्याला एकही बोल सामना खेळायला मिळाला नाही.

बोस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीला या यादीत घालणे अन्यायाचे आहे. 23 नोव्हेंबर 1984 रोजी मायामीविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याने भिरकावलेला चेंडू जेरार्ड फेलनने झेलला आणि सामना 47-45 असा जिंकला गेला. पण फ्लूटीला त्याच वर्षी सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइजमन करंडक मिळाला आणि पुढे कॅनडाच्या लीगमध्ये तो सहा वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एका चालीचा खेळाडू म्हणायचे तर तो फेलन. या विजयामुळे कॉलेजकडे प्रवेशअर्ज वाढले असे मानून ‘फ्लूटी परिणाम’ हा शब्दप्रयोगही रूढ झाला, जरी ती वाढ आधीच सुरू झाली होती.

30 नोव्हेंबर 2013 रोजी ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसने अलाबामाचा 57 यार्डांवरून हुकलेला फील्ड गोल (खांबांमधून चेंडू लाथाडून गुण मिळवण्याचा प्रयत्न) झेलून मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धाव घेतली. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी घड्याळात एक सेकंद परत मागून घेतला होता. त्याच सेकंदात ते 34-28 असे हरले.

चूक केलेल्याच्या वाट्याला काय येते, हे 2015 मध्ये दिसले. 17 ऑक्टोबरला मिशिगन पुढे असताना, चेंडू दूर लाथाडायला उभा असलेला त्यांचा ब्लेक ओनील शेवटच्या दहा सेकंदांत चेंडू नीट पकडू शकला नाही. मिशिगन स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सनने तो मिळवून 38 यार्ड धाव घेतली आणि सामना 27-23 असा फिरवला. या धावेच्या शेवटी वॉट्स-जॅक्सनच्या खुब्याला गंभीर दुखापत झाली आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या ओनीलने त्याच सामन्यात 80 यार्डांची लाथ मारली होती. समाजमाध्यमांवर मात्र त्याला इतक्या शिव्या आणि धमक्या आल्या की विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांना पत्रक काढून लोकांना आवरावे लागले.