साथीच्या काळात वर्गातल्या हवेचा हिशेब

श्वसनमार्गाच्या रोगाची साथ आली की शाळांमध्ये तीन गोष्टी तातडीने सुरू होतात: फाटकावर तापमान तपासणे, हातांवर सॅनिटायझर देणे आणि सुटीच्या दिवशी बाकांवर जंतुनाशक फवारणे. एवढे झाले की शाळा सुरक्षित झाली, असे पालकांना आणि पुष्कळदा व्यवस्थापनालाही मनापासून वाटते. हात धुण्याची सवय चांगलीच आहे आणि तिने पोटाचे अनेक विकार टळतात. परंतु कोविडसारख्या रोगात मुख्य धोका बाकाच्या पृष्ठभागावर नसून, त्या बाकावर बसलेली मुले जी हवा आत घेतात तिच्यात असतो. तापमापकाचा उपयोगही मर्यादितच, कारण कोविडचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच विषाणू बाहेर टाकू लागतो आणि अनेक मुलांना तर ताप येतच नाही.

धोका हवेत नसतो, हा समज केवळ सामान्य माणसाचा होता असे नाही. 28 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेच 'कोविड-19 हवेतून पसरत नाही' असे ठामपणे जाहीर केले होते. ती भूमिका स्पष्ट शब्दांत बदलायला 2021 उजाडले. मोठे थेंब लगेच खाली पडतात, म्हणून दोन माणसांत थोडे अंतर ठेवले की पुरे, असा त्यामागचा विचार होता. 100 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा थेंब दीड मीटर उंचीवरून साधारण 5 सेकंदांत जमिनीवर येतो, हे खरेच आहे. मात्र स्थिर हवेत 5 मायक्रॉनच्या कणाला तेवढेच अंतर खाली यायला अर्धा तास लागतो आणि 1 मायक्रॉनच्या कणाला सुमारे 12 तास. बोलताना, वाचताना, एका सुरात कविता म्हणताना असे बारीक कण सतत बाहेर पडतात आणि आवाज चढला की त्यांची संख्याही वाढते.

शाळेत हे कण किती दूर जाऊ शकतात, याचे एक उदाहरण कोविडच्या कितीतरी आधीचे आहे. 1974 मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर शहराजवळच्या एका प्राथमिक शाळेत गोवराची साथ आली. पहिल्या रुग्ण मुलीपासून 14 वेगवेगळ्या वर्गांतील 28 मुलांना लागण झाली. यातील बहुतेक मुले तिच्या वर्गात कधी बसलेलीच नव्हती. त्या इमारतीची वायुवीजन यंत्रणा वर्गांतली बरीचशी हवा खेचून पुन्हा सर्व वर्गांत सोडत असे, त्यामुळे एका खोलीतला श्वास दुसऱ्या खोलीपर्यंत पोचत होता.

मग आपल्या वर्गातली हवा कितपत उष्टी आहे, हे कसे ओळखायचे? याचे उत्तर मला फार सुंदर वाटते, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांमागे सुमारे 420 भाग, म्हणजे 420 पीपीएम असते. उच्छ्वासात मात्र ते सुमारे 40,000 पीपीएम असते. त्यामुळे खोलीतला हा वायू बाहेरच्यापेक्षा जेवढा जास्त, तेवढी तिथली हवा कोणाच्या तरी फुप्फुसांतून आधीच जाऊन आलेली आहे, हे एका साध्या भागाकाराने काढता येते.

200 घनमीटरची एक वर्गखोली घेऊ. तिच्यात 40 मुले आणि एक शिक्षक आहेत आणि सगळ्यांचा मिळून तासाला अर्धा घनमीटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असे धरू. तासाला 200 घनमीटर, म्हणजे खोलीच्या घनफळाइतकी एकपट ताजी हवा आत येत असेल, तर हा वायू वाढत वाढत शेवटी बाहेरच्यापेक्षा 2,500 पीपीएम जास्त, म्हणजे सुमारे 2,900 वर स्थिरावतो. 2,500 ला 40,000 ने भागले की उत्तर येते एक सोळांश. याचा अर्थ त्या वर्गातले प्रत्येक मूल जी हवा आत घेते, तिचा सोळावा भाग वर्गातल्याच कोणाच्या तरी उच्छ्वासाचा असतो. ताजी हवा पाचपट केली की वाढ 500 पीपीएमवर येते आणि तो हिस्सा ऐंशी भागांत एका भागापर्यंत उतरतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने मे 2023 मध्ये सुचवलेले किमान प्रमाणही तासाला पाच वेळा एवढेच आहे.

येथे एक गैरसमज हमखास होतो. 'तासाला एक वेळ हवा बदलते' याचा अर्थ तासाभरात जुनी हवा पूर्णपणे निघून जाते असा होत नाही. रंगीत पाण्याने भरलेल्या बादलीत नळ सोडला, तर वाहून जाणाऱ्या पाण्याबरोबर नुकतेच आलेले स्वच्छ पाणीही जाते. बादलीभर पाणी ओतून झाल्यावर साधारण 63 टक्के रंग गेलेला असतो आणि 37 टक्के उरतो. घट अशी घातांकी, म्हणजे दर वेळी उरलेल्याचाच ठरावीक हिस्सा जाणारी, असल्यामुळे 99 टक्के कण जायला ताशी एका बदलाने साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो, तर पाच बदलांनी 55 मिनिटे. म्हणून केवळ मधल्या सुटीत पाच मिनिटे खिडक्या उघडून भागत नाही, तास चालू असतानाही त्या उघड्या हव्यात. शक्य असेल तिथे समोरासमोरची दारे-खिडक्या उघडावीत, म्हणजे हवा आरपार खेळते.

खिडक्या उघडणे शक्यच नसेल तिथे हवा गाळावी. हेपा गाळणी 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण पकडते. याच आकारमानाच्या आसपासचे कण पकडायला सर्वांत अवघड असतात. त्याहून मोठे कण हवेबरोबर वळू न शकल्याने तंतूंवर आपटतात आणि त्याहून लहान कण रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे भटकत तंतूंना चिकटतात. गाळणी आणि मास्क विषाणूवाहक कण अडवतात, कार्बन डायऑक्साइड अडवत नाहीत. त्यामुळे ती वापरात असताना कार्बन डायऑक्साइड मापकाचा आकडा तसाच राहतो, धोका मात्र कमी झालेला असतो.

दुसरीकडे, गळ्यात अडकवण्याची 'विषाणूरोधक' कार्डे आणि माणसांवर जंतुनाशक उडवणारे बोगदे यांवर शाळांनी एक पैसाही खर्च करू नये. अशी फवारणी डोळ्यांना आणि त्वचेला अपाय करू शकते आणि श्वासातून बाहेर पडणाऱ्या विषाणूला थोपवत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने मे 2020 मध्ये तिच्याविरुद्ध स्पष्ट सल्ला दिला होता. भीतीचे भांडवल करून मुलांच्या अंगावर रसायने उडवली जावीत, याची मला चीड येते.

वर्ग सुधारला म्हणजे शाळा सुधारली असेही नाही. अमेरिकन संशोधक विल्यम वेल्स यांनी 1937 पासून फिलाडेल्फिया परिसरातील शाळांत वर्गाच्या वरच्या भागात हवेतले जंतू मारणारे अतिनील दिवे लावले आणि 1941 च्या गोवराच्या साथीत त्या वर्गांमध्ये लागण बरीच कमी झाली. पुढे इतरत्र झालेल्या प्रयोगांत मात्र तसे यश आले नाही; त्यांपैकी एका ठिकाणी मुले एकाच बंद बसमधून ये-जा करत होती आणि तिथे दिवे नव्हते. म्हणून हवेचा हिशेब बस, ग्रंथालय आणि विशेषतः शिक्षककक्ष यांचाही मांडायला हवा. शिक्षककक्षात मोठी माणसे मास्क काढून एकत्र जेवतात आणि मोठ्याने बोलतात. कार्बन डायऑक्साइड मापक तिथे भिंतीवर, खिडकीपासून दूर, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर लावावा.

लसीकरण आणि आजारी असताना घरी राहणे या दोन गोष्टींचे मोल या सगळ्याने कमी होत नाही. वर्षभर एकही दिवस न चुकवल्याबद्दल दिले जाणारे पूर्ण हजेरीचे बक्षीस साथीच्या वर्षात बंद ठेवावे, कारण घसा दुखत असतानाही मूल त्यासाठी शाळेत येते आणि पालकही त्याला पाठवतात.