उन्हाळे-पावसाळे न पाहिलेलं लाकूड

लातूरला रेल्वे आली ती १९११ साली, बार्शी लाइट रेल्वेची, ७६२ मिलिमीटर गेजची, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं. पुढे ब्रॉडगेज आली आणि ती छोटी गाडी गेली. मॉडेल रेल्वेच्या नादाला लागलेल्यांना मात्र या ७६२ मध्ये एक सोय दिसते. त्याला ८७ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात. १:८७ म्हणजे एचओ, जगभर सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण. त्याहून लहान अशा एन प्रमाणाचे ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. म्हणजे बार्शी लाइनची गाडी एचओमध्ये करायची, तर रूळ आयतेच.

रुळांशेजारची लाकडी शेड किटमधून येते. बासवुड नावाच्या हलक्या लाकडाच्या पातळ पट्ट्या, लेझरने कापलेल्या भिंती, नळीच्या पत्र्याचं छप्पर. बहुतेक किटांची धाटणी अमेरिकी. आपल्याकडे पायाखाली काळा दगड आणि लाकडामागे हात धुऊन लागलेली वाळवी, त्यामुळे स्टेशनं दगडविटांचीच. नुसत्या फळ्यांची शेड इथे जरा परकीच वाटते. तरी मालगोदाम म्हणून खपून जाते. खरी अडचण पुढेच आहे. शेड ८७ पट लहान करता येते. लाकूड, पाणी आणि ऊन मात्र आहे त्याच मापाचं राहतं.

किनवटच्या जंगलातलं सागवान मराठवाड्यात लाकडांचा राजा. मॉडेलसाठी ते निरुपयोगी. सागाच्या आडव्या कापावर नुसत्या डोळ्यांना छिद्रं दिसतात. त्या पाणी वाहणाऱ्या नलिका, पाव मिलिमीटरच्या आसपास रुंद. १:८७च्या भिंतीवर तेवढं छिद्र म्हणजे खऱ्या भिंतीत दोन सेंटिमीटरचं भोक! बासवुडच्या नलिका बारीक आणि सगळीकडे सारख्या विखुरलेल्या असतात, म्हणून त्याची पट्टी गुळगुळीत फळीसारखी दिसते. किट बनवणारे याच लाकडावर का अडून बसतात, ते इथे कळतं.

हेच बासवुड पाण्याला मात्र फार हळवं. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, तंतूंच्या रेषांना आडवं फुगतं. ३० टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकडात साधारण ६ टक्के पाणी असतं, ८० टक्क्यांच्या हवेत १६च्या जवळपास. वैशाखातल्या कोरड्याठाक दुपारपासून श्रावणातल्या झडीपर्यंत जवळपास एवढा फरक पडतो. तेवढ्यात दहा सेंटिमीटर रुंद पातळ फळी दोन-तीन मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते. त्यातून रंग एकाच बाजूला लावला, की ती बाजू फुगते आणि भिंत पन्हाळीसारखी वाकते. म्हणून रंग दोन्ही बाजूंना, वजनाखाली वाळवणं, आणि आतून रेषांना आडव्या पट्ट्यांचा आधार. रंगाचं काम चिकटवण्याआधी उरकावं. फेविकॉल एकदा लाकडात मुरला की तिथे पाण्यासारखा पातळ रंग शिरत नाही, आणि प्रत्येक सांध्याशी फिकट डाग उरतो. लेझरने जळलेल्या काळ्या कडाही आधी पॉलिशपेपरने घासून काढलेल्या बऱ्या.

आता म्हातारपण. जुन्या वाड्याचा दरवाजा जवळून पाहा. छज्जाखालचा वरचा भाग अजून तपकिरी, आणि जिथे ऊन-पाऊस थेट लागतो तिथे उंबऱ्याकडे उतरत गेलेला राखाडी. लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारं द्रव्य, अतिनील किरण शोषतं आणि तुटतं. तुटलेले तुकडे पावसात धुऊन जातात. मागे उरतं फिकट सेल्युलोज, त्यावर सूक्ष्म बुरशी काळपट छटा चढवते. किरण जेमतेम ०.०७५ मिलिमीटर आत पोचतात. नरम लाकूडसुद्धा अशा झिजेने शंभर वर्षांत सुमारे ६ मिलिमीटरच कमी होतं. म्हणजे राखाडीपणा ही नुसती वरची साल आहे, रंधा मारला की आत पुन्हा कोरं लाकूड. मॉडेलवाल्याला हे सोयीचं, कारण त्याला फक्त सालच करायची असते. पितळी ब्रश रेषांच्या दिशेने हलकेच फिरवला की झिजलेल्या रेषा उमटतात. हात मात्र आवरावा. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी खाच म्हणजे खऱ्या फळीत पाऊण-एक सेंटिमीटरची चर.

रंगासाठी अनेकजण दुकानातले तयार वुडस्टेन वापरतात. मला व्हिनेगर आणि लोखंडाचा मार्ग जास्त आवडतो, कारण त्यात रंग लावला जात नाही, लाकडातच तयार होतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये सेंटरिंगच्या बाइंडिंग तारेचे तुकडे टाकायचे. भांड्यांची चकचकीत घासणी चालत नाही, ती स्टेनलेस असते. हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, म्हणून बरणीचं झाकण घट्ट लावायचं नाही. काही दिवसांत लोहाचा क्षार पाण्यात उतरतो. लाकडातल्या टॅनिनशी, म्हणजे तुरट द्रव्याशी, त्याची गाठ पडली आणि हवा लागली की निळसर काळपट रंग धरतो. बासवुडमध्ये टॅनिन कमी, म्हणून आधी कोऱ्या चहाचा हात द्यावा लागतो. हिरडा आणि हिराकस (हाही लोहाचा क्षार) घालून केलेल्या जुन्या काळ्या शाईचं रसायन हेच. हिरड्याचं पाणी चहापेक्षा कितीतरी गडद रंग देतं. रंग हळूहळू चढतो. पहिल्या मिनिटाला फिकट दिसतंय म्हणून दुसरा हात मारला, तर संध्याकाळी शेड जळून कोळसा झाल्यासारखी दिसते.

आणि मुळात फिकटच हवी. बाहेर भर उन्हात एक लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो, घरातल्या दिव्याखाली तीनशे-चारशे. खऱ्या शेडशी रंग तंतोतंत जुळवला, तर टेबलावर ती काजळीत बुडालेली वाटते.

पत्र्यावरच्या गंजाचे ओघळ ही पुढची फसगत. खऱ्या छपरावर पाणी खाली वाहतं आणि ओघळ आपोआप उमटतात. मॉडेलवर थेंब टाका. तो जागचा हलत नाही. पाण्याच्या बाबतीत साधारण २.७ मिलिमीटरपेक्षा लहान मापावर पृष्ठताण गुरुत्वाला भारी पडतो. १:८७मध्ये २.७ मिलिमीटर म्हणजे जवळपास एक वीत. वीतभर व्यासाचा थेंब छपरावर चिकटून बसलाय, असं ते दृश्य! त्यामुळे ओघळ ब्रशनेच, वरून खाली, जवळजवळ कोरड्या रंगाने ओढावे लागतात. उलट फळ्यांमधल्या फटींत हाच पृष्ठताण कामी येतो. अल्कोहोलमध्ये पातळ केलेल्या काळ्या शाईचा थेंब फटीच्या टोकाला टेकवला की शाई स्वतःहून फटभर पळते, आणि घरातल्या मवाळ उजेडात जी सावली पडत नाही ती तिथे बसते. अल्कोहोल झटकन उडतं, म्हणून भिंतही फारशी वाकत नाही.

शेवटी माती. काळ्या रानात पावसाचे थेंब जमिनीवर आपटून चिखल भिंतीवर हात-दीड हात उडवतात, आणि भिंतीच्या पायाला तो पट्टा वर्षभर राहतो. मॉडेलवर त्याची उंची पाच ते आठ मिलिमीटर, आणि वरची कड सरळ नको. त्यासाठी खरी काळी माती वाळवून, खलात कुटून, सुती कापडातून गाळून घ्यावी. चाळणीची बारीक वाळूसुद्धा या प्रमाणात खडी होते. माती कोरड्या ब्रशने बसवा आणि वरून लॅकर मारण्याचा मोह टाळा: कणांमधल्या हवेमुळे प्रकाश विखुरतो म्हणून धूळ फिकट दिसते, लॅकरने ती पोकळी भरली की सगळं गडद होतं. शेड हाताळायची असेलच, तर लॅकर आधी मारून घ्यावा आणि माती त्यावर सगळ्यात शेवटी.