हे, विल

हे, विल : (६ डिसेंबर १८८८–१८ एप्रिल १९४९). ब्रिटिश विनोदी चित्रपट अभिनेता, म्यूझिक हॉलच्या (गाणी, नकला व प्रहसने सादर करणाऱ्या नाट्यगृहांच्या) रंगमंचावरील प्रहसनकार व हौशी खगोल निरीक्षक. पूर्ण नाव विल्यम थॉमसन हे. (आडनावाचा मराठी सर्वनामाशी घोटाळा होऊ नये म्हणून या नोंदीत त्याचा उल्लेख ‘विल’ असा केला आहे.) रंगमंचावर व पडद्यावर तो ‘विल हे’ होता; खगोलशास्त्रविषयक टिपणांखाली मात्र ‘डब्ल्यू. टी. हे’ अशी सही करी. हा भेद त्याने जाणीवपूर्वक पाळला. विनोदी नटाचे नाव पाहून निरीक्षणाकडे कोणी हसून पाहू नये, हा त्यामागचा हेतू असावा.

त्याचा जन्म उत्तर इंग्लंडमधील स्टॉक्टन-ऑन-टीज येथे झाला. तो तान्हा असतानाच कुटुंब पूर्व किनाऱ्यावरील लोस्टॉफ्ट येथे गेले. वडील अभियंता होते. विलनेही उमेदवारी अभियांत्रिकीतच केली व हाताने यंत्रे जुळवण्याचे ते कौशल्य त्याला पुढे वेधशाळेत उपयोगी पडले. फ्रेंच, जर्मन व इटालियन या भाषा तो बव्हंशी स्वतःच शिकला आणि काही काळ त्याने दुभाष्याचे काम केले. १९०७ मध्ये त्याचा विवाह झाला. त्याला तीन अपत्ये होती. पतिपत्नी १९३५ च्या सुमारास विभक्त झाले. डब्ल्यू. सी. फील्ड्स या अमेरिकन विनोदवीराचे चेंडू झेलण्याचे खेळ पाहून तो रंगमंचाकडे वळला, असे बहुतेक चरित्रलेखनात येते. ही आठवण १९०९–१० च्या आसपासची मानली जाते.

*मास्तराच्या पात्राचा उगम :* विलची सारी कीर्ती एकाच पात्रावर उभी आहे : विटका काळा डगला, चौकोनी टोपी, नाकावर चिमट्याने बसवलेला चष्मा, वर्गातल्या पोरांपेक्षा कमी येणारा पण ते कबूल न करणारा शाळामास्तर. हे पात्र नेमके कसे सुचले, याविषयी एकमत नाही. त्याची एक बहीण शिक्षिका होती आणि तिने सांगितलेल्या वर्गातील गमतींवरून पहिले प्रहसन रचले गेले, हे मत सर्वाधिक प्रचलित आहे. आरंभी विल ते पात्र शिक्षिकेच्या वेषात करीत असे व काही काळाने त्याने त्याचा मास्तर केला, असेही सांगितले जाते. ही माहिती बहिणीच्या कथेला पूरकच ठरते. दुसरे मत असे की, वर्गप्रहसन हा प्रकार तेव्हाच्या रंगमंचावर रूढ होता. अमेरिकेत गस एडवर्ड्स याने १९०७ पासून शाळकरी पोरापोरींचे प्रयोग लोकप्रिय केले होते व अशा खेळांची वार्ता अटलांटिकपार सहज पोहोचत होती. दोन्ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण दिसत नाही. चौकट प्रचलित होती. विलने तिच्या केंद्रस्थानी पोरांऐवजी मास्तराला आणले. इतर वर्गप्रहसनांत पोरे विनोद करीत व मास्तर त्रासत असे. विलच्या प्रहसनात पोराचा प्रश्न साधा असे आणि मास्तराचा अडाणीपणा झाकण्याची धडपड हाच विनोद असे.

या प्रहसनाचे ‘द फोर्थ फॉर्म अ‍ॅट सेंट मायकल्स’ हे रूप सर्वांत प्रसिद्ध झाले. त्यात एक चुणचुणीत पोरगा, एक बहिरट म्हातारा विद्यार्थी व मास्तर अशी तिघांची जुळणी होती. तिचे महत्त्व पुढे चित्रपटांत दिसते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विल सुमारे चार वर्षे फ्रेड कार्नोच्या प्रहसने करणाऱ्या मंडळीत होता. चार्ली चॅप्लिन व स्टॅन लॉरेल हेही त्याआधी याच मंडळीतून बाहेर पडलेले. मात्र कार्नोची शैली अंगविक्षेपांची, तर विलची थांब्यांची होती. प्रश्न आल्यावर नाकाने घेतलेला सुस्कारा, चष्म्यावरून टाकलेली नजर, तोंडातल्या तोंडात पुटपुटलेले अर्धवट उत्तर, एवढ्यावर तो प्रेक्षागृह ताब्यात ठेवी.

*चित्रपट :* बोलपटांत तो पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर आला. ‘दोज वेअर द डेज’ (१९३४) व ‘डँडी डिक’ (१९३५) हे आरंभीचे चित्रपट इंग्रज नाटककार पिनेरोच्या नाटकांवर बेतलेले होते आणि त्यांत त्याचे स्वतःचे पात्र पुरते उतरले नाही. गेन्सबरो कंपनीच्या ‘बॉइज विल बी बॉइज’ (१९३५) मध्ये मास्तर प्रथमच मुख्याध्यापक होऊन पडद्यावर आला. ‘विंडबॅग द सेलर’ (१९३६) पासून मूर मॅरियट व ग्रॅहॅम मोफॅट हे दोघे त्याच्या जोडीला एकत्र आले. बोळक्या तोंडाचा म्हातारा हार्बॉटल साकारणारा मॅरियट विलपेक्षा अवघ्या तीन वर्षांनी मोठा होता. कवळी काढून ठेवून तो म्हातारा होई. मोफॅट हा १९१९ चा, म्हणजे खराखुरा पोरसवदा, अंगाने गुबगुबीत. या त्रयीचे एकूण सहा चित्रपट झाले. सेंट मायकल्सच्या वर्गातील बहिरा म्हातारा, चलाख पोरगा आणि मधला पोकळ अधिकारी हीच ती जुळणी होती. फक्त वर्गाच्या जागी कधी जहाज, कधी तुरुंग, कधी पोलीस चौकी आली.

मार्सेल व्हार्नेल या मूळच्या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ओ, मिस्टर पोर्टर!’ (१९३७) हा त्यांतील सर्वोत्कृष्ट मानला जातो व ते मत योग्य आहे. शीर्षक मेरी लॉइडने गाजवलेल्या जुन्या म्यूझिक हॉल गीतावरून घेतले आहे. मेहुण्याच्या वशिल्याने विल्यम पोर्टर याला उत्तर आयर्लंडमधील, दक्षिणेच्या आयरिश राज्याच्या सीमेलगतच्या बगलस्केली या आडस्थानकाचा स्टेशनमास्तर नेमतात. तेथे गाड्या थांबत नाहीत, तिकीटखिडकी उघडली की हार्बॉटल ‘पुढची गाडी गेली!’ एवढेच सांगून ती बंद करतो, आणि भुताच्या वदंतेआड बंदुकांची चोरटी ने-आण चाललेली असते.

चित्रपटातील रेल्वेविषयी अभ्यासकांनी बरीच माहिती गोळा केली आहे. बगलस्केली स्थानक प्रत्यक्षात आयर्लंडमध्ये नव्हे, तर हॅम्पशरमधील क्लिडस्डन येथे होते. ते बेझिंगस्टोक ते ऑल्टन या हलक्या रेल्वेमार्गावरील स्थानक. हा मार्ग १९०१ मध्ये खुला झाला. पहिल्या महायुद्धात त्याचे रूळ उखडून नेण्यात आले. १९२४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. १९३२ मध्ये प्रवासी वाहतूक व १९३६ मध्ये मालवाहतूकही थांबली. बंद पडलेला मार्ग मोडीत निघण्याच्या बेतात असतानाच तेथे चित्रीकरण झाले, म्हणूनच गाड्या हव्या तशा पळवता आल्या. याच मार्गावर १९२८ मध्ये एका मूकपटासाठी खरीखुरी रेल्वेगाडी आदळवण्यात आली होती. ‘ग्लॅडस्टन’ हे जुनाट इंजिन म्हणजे केंट अँड ईस्ट ससेक्स रेल्वेचे ‘नॉर्दियम’. हॉथॉर्न लेस्ली कारखान्यात १८९९ मध्ये बांधलेल्या या इंजिनावर चित्रीकरणापुरते उंच, दातेरी कडांचे धुराडे चढवले होते. काम संपल्यावर ते मूळ मार्गावर परतले व १९४१ मध्ये भंगारात गेले. चित्रपटात इंजिनाला निरोप देताना तिघे टोप्या काढतात. चार वर्षांनी त्याचे खरेच काय झाले हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला ते दृश्य वेगळेच भिडते.

‘कन्व्हिक्ट ९९’ (१९३८) व ‘आस्क अ पोलिसमन’ (१९३९) हेही चांगले चित्रपट. ‘ओल्ड बोन्स ऑफ द रिव्हर’ (१९३८) मध्ये आफ्रिकी लोकांचे चित्रण वसाहतवादी नजरेचे असून ते आज खटकते, व खटकलेच पाहिजे. एकाच त्रयीत अडकून पडण्याचा विलला कंटाळा आला आणि तो ईलिंग स्टुडिओत गेला. तेथे ‘द घोस्ट ऑफ सेंट मायकल्स’ (१९४१) नंतरच्या ‘द ब्लॅक शीप ऑफ व्हाइटहॉल’, ‘द गूज स्टेप्स आउट’ (दोन्ही १९४२) व ‘माय लर्नेड फ्रेंड’ (१९४३) या चित्रपटांचे दिग्दर्शन त्याने बेसिल डिअर्डनसह केले. शेवटचा चित्रपट खुनांच्या मालिकेवरचा काळा विनोद असून त्याचा शेवट बिग बेनच्या तबकडीवरील झटापटीत होतो. युद्धोत्तर ईलिंगच्या ख्यातनाम विनोदपटांची चाहूल त्यात लागते.

*खगोल निरीक्षण :* सर्वसाधारण चरित्रांत या बाजूची नोंद ‘छंद’ म्हणून एका ओळीत उरकली जाते. ते अन्यायाचे आहे. विल ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा क्रियाशील सदस्य होता व १९३२ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा फेलो निवडला गेला. लंडनच्या दक्षिणेकडील नॉर्बरी येथील घराच्या आवारात त्याची वेधशाळा होती. तिच्यातील मुख्य साधन म्हणजे कुक कंपनीची सहा इंच व्यासाची भिंगाची दुर्बीण. धूमकेतूंची स्थाने मोजणे हे नीरस, चिकाटीचे कामही त्याने केले. वेळ नोंदवण्याचे यंत्र आणि आकाशाची दोन छायाचित्रे आलटून-पालटून दाखवून त्यांतील फरक हुडकण्याचे यंत्र त्याने स्वतः तयार केले होते.

३ ऑगस्ट १९३३ च्या रात्री शनी पाहताना त्याला ग्रहाच्या विषुववृत्तीय पट्ट्यात लांबट, ठळक पांढरा ठिपका दिसला. त्याने डॉ. डब्ल्यू. एच. स्टीव्हन्सन या अनुभवी निरीक्षकाला दूरध्वनी केला व त्यांनी दुजोरा दिला. अशा वेळी प्रश्न ‘काय दिसले’ एवढाच नसतो, तर ‘कोणत्या क्षणी कुठे होते’ हा असतो. शनीला घन पृष्ठभाग दिसत नाही. त्याचे वेगवेगळे पट्टे वेगवेगळ्या गतीने फिरतात. त्यामुळे ठिपका तबकडीच्या मध्यरेषेवरून जाण्याची वेळ टिपणे, हीच तेथील वाऱ्यांची गती मोजण्याची पद्धत होती. विषुववृत्तापाशी शनीची फेरी सुमारे १० तास १४ मिनिटांत पुरी होते, म्हणजे ठिपका तासाला सुमारे ३५ अंश सरकतो. डोळ्याने मध्यरेषा ठरवताना दोन मिनिटांची चूक झाली, तर रेखांशात अंशाहून थोडी अधिक चूक होते. परंतु वीस दिवसांत सुमारे ४७ फेऱ्या होतात व तीच दोन मिनिटे त्या सर्वांत विभागली की एका फेरीमागे जेमतेम अडीच सेकंद उरतात. सात फेऱ्यांना ७१ तास ३८ मिनिटे लागतात. म्हणून ठिपका दर तिसऱ्या रात्री सुमारे बावीस मिनिटे आधी त्याच जागी येतो व एकाच ठिकाणच्या निरीक्षकाला पाठपुरावा करता येतो. वेळ नोंदवणारे यंत्र स्वतः बांधणाऱ्या माणसाला हा ठिपका दिसला, हे म्हणूनच विज्ञानाच्या भाग्याचे म्हणावे लागेल. पुढील आठवड्यांत ठिपका लांबत जाऊन पट्ट्यात विरून गेला.

या घटनेचे महत्त्व नंतर अधिक उमगले. असा पांढरा ठिपका उमटवणारे मोठे उद्रेक शनीवर १८७६, १९०३, १९३३, १९६०, १९९० व २०१० मध्ये नोंदले गेले. १८७६ चा ठिपका वॉशिंग्टन येथे असाफ हॉल या अमेरिकन खगोलज्ञाने पाहिला व त्यावरून ग्रहाचा फिरण्याचा काळ काढला. शनीचे वर्ष सुमारे साडेएकोणतीस पृथ्वीवर्षांचे असल्याने उद्रेकांचा संबंध तेथील ऋतूंशी जोडला जातो, परंतु २०१० चा उद्रेक सुमारे दहा वर्षे आधीच झाला. विषुववृत्ताजवळचे उद्रेक (१८७६, १९३३, १९९०) सत्तावन्न वर्षांच्या अंतराने आले, ही बाब लक्षणीय आहे. तीन घटनांवरून नियम बांधणे मात्र घाईचे ठरेल. हे प्रचंड गडगडाटी वादळ असते, याबद्दल आज फारसे दुमत नाही. दोन उद्रेकांत दशके का जातात, याचे चेंग ली व अँड्र्यू इंगरसॉल यांनी २०१५ मध्ये मांडलेले स्पष्टीकरण विशेष पटण्याजोगे आहे. हायड्रोजनच्या हलक्या वातावरणात पाण्याची वाफ जड पडते. पाऊस पडून गेल्यावर वरचा थर हलका होऊन खालच्या ओलसर थरावर झाकणासारखा बसतो आणि तो पुरेसा थंड होईपर्यंत नवे वादळ उठत नाही.

१९३५ मध्ये विलने ‘थ्रू माय टेलिस्कोप’ हे सामान्य वाचकांसाठीचे पुस्तक लिहिले. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलाच्या स्वयंसेवी राखीव दलात सब-लेफ्टनंट होता व खगोलशास्त्र आणि नौकानयन शिकवीत असे. पडद्यावर काही न येणारा मास्तर खऱ्या वर्गात ताऱ्यांवरून दिशा काढायला शिकवीत होता आणि ते त्याला उत्तम येत होते.

तो आरंभीच्या खासगी वैमानिकांपैकी एक होता, असे म्हणतात. प्रसिद्ध ब्रिटिश वैमानिक एमी जॉन्सन हिला त्याने विमान चालवायला शिकवले, ही गोष्ट अनेक ठिकाणी येते. मात्र जॉन्सनचे प्रशिक्षण लंडनच्या स्टॅग लेन विमानतळावरील क्लबात झाले व तिला १९२९ मध्ये परवाना मिळाला, हे नोंदलेले आहे. तेव्हा हा दावा जपूनच स्वीकारावा.

प्रकृती ढासळल्याने १९४३ नंतर त्याने चित्रपट केला नाही. रेडिओवर मात्र मास्तर काही काळ टिकला. पुढे त्याला पक्षाघाताचा झटका आला. लंडनमधील चेल्सी येथील राहत्या घरी त्याचे निधन झाले. त्याच्या त्रयीचा ठसा ‘डॅड्स आर्मी’ या दूरचित्रवाणी मालिकेवर असल्याचे तिचा एक जनक जिमी पेरी याने मान्य केले आहे : तेथेही एक फुशारकी मारणारा अधिकारी, एक म्हातारा व एक पोरगा आहेत. मंगळ व गुरू यांच्यामधील ३१२५ क्रमांकाच्या लघुग्रहाला ‘हे’ हे नाव देण्यात आले आहे.