मोटारीचे इंजिन विमानात, पण जसेच्या तसे नव्हे

लहान खासगी विमानांत मर्सिडीज मोटारीचे इंजिन जसेच्या तसे बसवतात, ही समजूत इंदुरात राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत ठामपणे सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. डायमंड डीए-४२ विमानाच्या नव्या आवृत्तीतील १६८ अश्वशक्तीचे एई-३०० इंजिन मर्सिडीजच्या दोन लिटर डिझेल इंजिनावर बेतलेले आहे खरे, परंतु ते ऑस्ट्रो इंजिन ही वेगळी कंपनी तयार करते आणि ते जेट इंधनावर चालते. मुख्य फरक गिअरपेटीत आहे: इंजिनाचे मिनिटाला सुमारे ३,९०० फेरे पंख्यापर्यंत पोहोचताना २,३०० वर आणावे लागतात, अन्यथा पात्यांची टोके ध्वनिवेगाजवळ जाऊन जोर वाया जातो. शिवाय नियंत्रक संगणकाची जोडी असते, एक बिघडल्यास दुसरा ताबा घेतो. मोटारीत एवढी चैन कोणी करत नाही.