युरेनियम खाणीचा विस्तार: जनसुनावणी नसताना हरकत कुठे आणि कशी नोंदवायची

युरेनियम खाणीच्या विस्ताराची कुणकुण लागली की आसपासच्या गावांत पहिला प्रश्न निघतो तो जनसुनावणी कधी, हा. या प्रश्नाचे उत्तर आता बदलले आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ८ सप्टेंबर २०२५ रोजी एक कार्यालयीन ज्ञापन, म्हणजे कार्यालयांना सूचना देणारे पत्रक, काढले. अणुखनिजे आणि महत्त्वाची-सामरिक खनिजे यांच्या खाणप्रकल्पांना त्यामुळे लोकसल्लामसलतीतून (जनसुनावणी तिचाच भाग) सूट मिळाली. युरेनियम त्यात येतेच. आधार घेतला तो २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचे मूल्यांकन) अधिसूचनेतल्या संरक्षण आणि सामरिक बाबींच्या कलमाचा. शिवाय खनिपट्टा कितीही लहान असला तरी अशा प्रकल्पाची छाननी आता केंद्राच्याच पातळीवर होणार.

मेघालयात जून २००७ मध्ये आणि झारखंडच्या जादुगुडात मे २००९ मध्ये युरेनियम प्रकल्पांसाठी जनसुनावण्या झाल्या होत्या. जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीसमोर उभे राहून बोलता येत होते, बोललेले इतिवृत्तात येत होते. हे दार बंद करणे चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण सूट फक्त सल्लामसलतीला आहे. ईआयए अहवाल करावाच लागतो, तज्ज्ञ समितीची छाननी चुकत नाही, जुन्या अटींचा हिशेब द्यावाच लागतो. म्हणून जे पूर्वी मांडवात बोलून होत होते ते आता कागदावर, आणि बरेच आधी, करावे लागते. हा लेख त्या कागदांबद्दल आहे.

विस्तार म्हणजे नेमके काय

मंजूर उत्पादनापेक्षा जास्त खनिज काढणे, खनिपट्ट्याचे क्षेत्र वाढवणे, शुद्धीकरण कारखान्याची क्षमता वाढवणे, हे सगळे विस्तारात मोडते. आधीची पर्यावरण मंजुरी हातात आहे म्हणून हे परस्पर करता येत नाही. अधिसूचनेच्या परिच्छेद ७ (२) प्रमाणे नवा अर्ज लागतो. अर्जदार खाणकंपनीच असते. आपल्याकडे ती बहुतेक वेळा युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे १९६७ साली स्थापन झालेली सार्वजनिक कंपनी. तिच्या खाणी पूर्व सिंहभूम परिसरात आणि आंध्रात तुम्मलपल्लेला आहेत.

कारखान्याची क्षमता वाढली की गाळही वाढतो, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. भारतातल्या बहुतेक खनिजात युरेनियमचे प्रमाण ०.१ टक्क्याहूनही कमी असते. म्हणजे एक टन दगड दळून किलोभरही युरेनियम हाती लागत नाही. उरलेला जवळजवळ सगळा टन बारीक पिठासारखा होऊन पाण्याबरोबर पाइपातून टेलिंग पाँडमध्ये, म्हणजे गाळाच्या तळ्यात, जातो. त्या पिठात मूळ किरणोत्साराचा सुमारे ८५ टक्के भाग शिल्लक असतो, कारण काढून घेतले जाते ते युरेनियम. रेडियम आणि थोरियम मागेच राहतात. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ) १,६०० वर्षे, थोरियम-२३० चे सुमारे ७५,००० वर्षे. खाण वीस-तीस वर्षांत संपते, तळे संपत नाही. डिसेंबर २००६ मध्ये जादुगुडाजवळ गाळाचा पाइप फुटून तो ओढ्यात गेला होता. विस्ताराचा अहवाल हातात आला की आधी तळ्याचे प्रकरण उघडा, उत्पादनाचे नंतर.

अर्ज कुठवर आला, हे कसे कळते

सगळे अर्ज पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर चढतात. लॉगिन न करता प्रस्ताव क्रमांक, राज्य किंवा कंपनीचे नाव टाकून शोधता येते. प्रस्ताव क्रमांक सापडला की वहीत लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक पत्रावर तो लागतो.

पहिला टप्पा टर्म्स ऑफ रेफरन्सचा, सगळे त्याला टीओआर म्हणतात. कंपनीने अभ्यास कशाकशाचा करायचा याची ती यादी. माझ्या मते हरकतीचा सर्वांत फलदायी क्षण हाच, आणि नेमका तोच हातचा जातो, कारण तेव्हा गावात मोजणीवालासुद्धा फिरकलेला नसतो. यादीत एखादा अभ्यास आला नाही तर अंतिम अहवालात तो नसल्याबद्दल नंतर भांडणे फार अवघड जाते. म्हणून मागण्या नेमक्या करा: तळ्याभोवतीच्या विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यात युरेनियम आणि रेडियम मोजा, घरांच्या आत रेडॉन हा किरणोत्सारी वायू मोजा, भूजल कोणत्या दिशेने वाहते त्याचे प्रारूप मांडा, तळ्याचा बांध फुटला तर गाळ कुठवर जाईल ते नकाशावर दाखवा, खाण बंद झाल्यावर तळ्याची देखभाल कोण आणि कोणत्या पैशातून करणार ते लिहा.

दुसरा टप्पा ईआयए अहवालाचा. तो नॅबेटची (सल्लागारांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या सल्लागार संस्थेकडूनच करून घ्यावा लागतो. संस्थेचे नाव आणि मान्यतेची मुदत अहवालाच्या सुरुवातीच्या पानांत असते, ती तपासा. हवा-पाण्याची मोजमापे साधारणपणे पावसाळा सोडून एका हंगामाची असतात. त्या तारखा बघा. तळ्याचा झिरपा पावसाळ्यात वाढतो, आणि मोजणी मात्र कोरड्या महिन्यांतली, हा मुद्दा रास्त आहे आणि मांडलाच पाहिजे.

तिसरा टप्पा तज्ज्ञ मूल्यांकन समितीचा. बैठकीची विषयपत्रिका आधी पोर्टलवर येते, इतिवृत्त नंतर. अंतिम अहवाल मिळाल्यापासून समितीला ६० दिवस आणि त्यापुढे मंत्रालयाला ४५ दिवस, असे अधिसूचनेचे वेळापत्रक आहे. १०५ दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात, पण पाचशे पानांचा इंग्रजी अहवाल वाचून त्यावर लिहायला गावाला तेवढे मिळत नाहीत. विषयपत्रिका लागल्यावर जागे झालात तर हातात मोजकेच दिवस उरतात.

सर्वांत वजनदार कागद: जुन्या अटींचा अहवाल

नव्या खाणीला इतिहास नसतो, विस्ताराला असतो. आधीच्या मंजुरीत घातलेल्या अटी पाळल्या की नाही, याचा प्रमाणित अनुपालन अहवाल मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडून आणणे विस्तारासाठी बंधनकारक आहे. तो तक्त्यासारखा असतो. डावीकडे अट, मध्ये कंपनीचे म्हणणे, उजवीकडे पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा. ‘पालन झाले’ असे शेरे भराभर वाचून पुढे जा. ‘अंशतः पालन’, ‘काम सुरू आहे’, ‘कंपनीने कळवले आहे’ असे शेरे दिसले की थांबा. ‘कळवले आहे’ म्हणजे अधिकाऱ्याने स्वतः पाहिलेले नाही. उदाहरणार्थ, तळ्याला पूर्ण कुंपण घालायचे अशी अट असेल आणि शेरा ‘काम सुरू आहे’ असा असेल, तर कुंपण नसलेल्या जागेचा तारखेसह फोटो हे तुमचे उत्तर. गुरे आत चरताना दिसत असतील तर तेही फोटोत येऊ द्या.

याखेरीज कंपनीला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अनुपालन अहवाल द्यावा लागतो. सलग चार-पाच अहवाल समोरासमोर ठेवा. त्याच वाक्याची त्याच आकड्यांसह पुनरावृत्ती दिसली तर मोजणी खरोखर झाली का, असे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. पोर्टलवर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर अहवाल नसतील तर माहिती अधिकारात मागा. केंद्रीय कार्यालयासाठी शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. सुरक्षेचे कारण देऊन काही भाग नाकारला जाऊ शकतो, म्हणून ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नका. ‘अमुक मंजुरीपत्रातील अट क्र. अमुकचा मागील तीन वर्षांचा अनुपालन अहवाल’ असे लिहा.

कोण लिहू शकते, काय जोडायचे

हरकत लिहायला जमीनदार असावे लागत नाही. भूमिहीन मजूर, त्या ओढ्याचे पाणी वापरणारे खालच्या अंगाचे गाव, महिला बचत गट, ग्रामपंचायत, अभ्यासक, कोणीही लिहू शकते. मंत्रालयावर प्रत्येक पत्राला उत्तर देण्याचे बंधन नाही. तरीही आलेली निवेदने समितीसमोर ठेवून कंपनीकडून खुलासा मागवला जातो, असे अनेक प्रकल्पांच्या इतिवृत्तांत दिसते. समितीच्या सदस्य-सचिवांना ईमेल आणि स्पीडपोस्ट, दोन्ही करा. प्रत प्रादेशिक कार्यालयाला आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला. प्रत्यक्ष दिले तर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसेल तर पत्र दिल्याचे पुढे राष्ट्रीय हरित लवादासमोर, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणासमोर, सिद्ध करणे अवघड जाते.

सोबत राहण्याचा पुरावा, जमीन असल्यास तिचा उतारा, विहिरीचे ठिकाण दाखवणारा साधा हातनकाशा, पाणी तपासले असल्यास प्रयोगशाळेचा अहवाल आणि तारीख असलेले फोटो जोडा. पाण्याच्या बाबतीत एक सांगणे आहे. अणुऊर्जा नियामक परिषदेची पिण्याच्या पाण्यातल्या युरेनियमची मर्यादा लिटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची ३०. अहवालात ‘मर्यादेत’ लिहिले असेल तर कुणाच्या मर्यादेत, हे विचारा. किरणोत्साराची सर्वसामान्य लोकांसाठीची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे, खाणकामगारांची वेगळी आणि जास्त. कामगारांची मर्यादा घरांना लावलेली नाही ना, तेही पाहा.

पत्राची भाषा साधी ठेवा. एक नमुना: ‘प्रस्ताव क्र. अमुक. अहवालाच्या पृष्ठ क्र. अमुकवर आमच्या गावात दोन हातपंप दाखवले आहेत. प्रत्यक्षात सात आहेत, त्यांची ठिकाणे सोबतच्या नकाशात दिली आहेत. उरलेल्या पाच पंपांचे पाणी तपासल्याशिवाय प्रस्तावाचा विचार करू नये, ही विनंती.’ पृष्ठ, चूक, पुरावा, मागणी. असे परिच्छेद तीन असले तरी दहा पानी निषेधपत्रापेक्षा त्यांचे वजन जास्त.

ग्रामसभा

जमीन वनाची असेल तर वेगळी वनमंजुरी लागते, आणि तिथे वनहक्क कायदा २००६ आड येतो. हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनवासींना हलवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ओडिशातल्या नियमगिरीच्या खाणप्रकरणात हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. ठरावात प्रलंबित दाव्यांची संख्या, देवस्थाने, चराऊ रान, गौणवनोपजाच्या जागा नावानिशी लिहा. वनहक्क नियमांप्रमाणे निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश स्त्रिया हव्यात. गणपूर्ती नसलेला ठराव टिकत नाही.

पेसा कायद्याच्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, बाबतीत एक चूक वारंवार होते. खाणपट्ट्याआधी ग्रामसभेची शिफारस मागणारे कलम गौणखनिजांपुरते आहे, युरेनियम गौणखनिज नाही. त्या कलमावर भिस्त ठेवू नका. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी सल्लामसलत हवी, हे कलम मात्र कामाचे.

मंजुरी मिळाली तर

मंजुरीनंतर सात दिवसांत कंपनीने दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात द्यायची असते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. मंजुरी पोर्टलवर किंवा जाहिरातीत जिथे पहिल्यांदा दिसली तो दिवस धरून मोजायला लागा. हरित लवाद कायद्याच्या कलम १६ खाली अपिलाला ३० दिवस आहेत. सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवसांपर्यंत माफी मिळू शकते, त्यापुढे एक दिवसही नाही. नुकसानभरपाईची मागणी नसलेल्या अपिलाचे शुल्क १,००० रुपये आहे. झारखंड आणि मेघालयाची प्रकरणे कोलकाता खंडपीठाकडे जातात, आंध्र, तेलंगणा आणि कर्नाटकाची चेन्नईकडे, महाराष्ट्राची पुण्याकडे.

पर्यावरण मंजुरी आली म्हणजे लगेच काम सुरू, असेही नाही. पाणी आणि हवा कायद्यांखालची राज्य मंडळाची संमती आणि अणुऊर्जा नियामक परिषदेची संमती वेगवेगळी घ्यावी लागते. राज्य मंडळाकडे हरकत पाठवताना समितीला दिलेल्या पत्राची पोच जोडा आणि वर तोच प्रस्ताव क्रमांक लिहा.